शीवपाठक आणि ब्राह्मीचा अवलेह

फार जुनी गोष्ट आहे. एका देशीच्या राजाच्या कारकिर्दीचे एकविसावे वर्ष, आश्विन महिना, शरद ऋतू. दर तीन वर्षांनी होणारे शीवपठण पंधरवड्यावर येऊन ठेपले होते.

त्या राज्यात गावांच्या सीमा लिहून ठेवीत नसत. त्या एका माणसाच्या मुखी असत. त्याला शीवपाठक म्हणत. बेचाळीस गावांच्या शिवेवरील प्रत्येक दगड, ओहळ आणि झाड तो अंमलदारासमोर क्रमाने म्हणून दाखवी. तो म्हणेल तेथे चुन्याची खूण होई, आणि पुढील पठणापर्यंत तिला कोणी हात लावीत नसे. मात्र पाठक चुकला असे सिद्ध झाले, तर पाठकी त्याच्या घराण्यातून कायमची जाई.

हे पाठांतर घरी बसून होत नसे. दर महिन्यास पाठकाने शिवेवरून अनवाणी चालावे, आणि ज्या खुणेला पाय लागेल तिचे नाव मोठ्याने उच्चारावे, अशी रीत होती.

अनंतभट हा त्या घराण्यातील सातवा पाठक. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. त्या वर्षीच्या चैत्रात फेरीवर असताना एका ओढ्याचे नाव त्याला चटकन आठवले नाही. पाठकी जाईल या धास्तीने तो तडक गावच्या वृद्ध वैद्यीणबाईंकडे गेला.

बाईंनी ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांचा अवलेह, म्हणजे चाटण, करून दिला. "रोज सकाळी एक चमचा, कोमट दुधातून. मन जरा ठिकाणावर राहील. पण फेरी चुकवू नका हो, भटजी."

आठ दिवसांत अनंतभटाला बरे वाटू लागले. झोप शांत लागे, मनाची घालमेल थांबली. ही शांतता म्हणजेच स्मरणशक्ती, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. मग एका चमच्याचे तीन चमचे झाले, आणि फेरी बंद झाली.

पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, सहा महिने तुमच्या तळव्यांना माती लागली नाही. एकदा तरी जाऊन या."

"डोक्यात आरसा बसवला आहे मी, आरसा! पायांचे काय काम?"

"आरशापुढे काही ठेवाल, तर दिसेल ना त्यात?"

अनंतभटाने अवलेहाच्या बरणीचे झाकण तेवढे घट्ट लावले.

पठणाचा दिवस उजाडला. गावोगावची माणसे अंमलदाराच्या चावडीवर जमली. अनंतभटाचा आवाज खणखणीत होता. सोळा गावे झाली. सतरावे गाव खालची वाडी. तिची शीव सांगताना तो म्हणाला, "दुभंगल्या खडकापासून विहिरीच्या उजव्या अंगाने." गडी चुना घेऊन शिवेकडे निघाले. खालच्या वाडीची एकुलती एक विहीर शेजारच्या वरच्या वाडीत गेली.

खालच्या वाडीची भिवराबाई गर्दीतून ओरडली, "अवो म्हाराज, उजव्या का डाव्या? नीट आठवा की!"

"पठणात बोलायचे नसते, बाई," अनंतभट करड्या स्वरात म्हणाला, आणि अठरावे गाव सुरू केले.

तरी मनात कुसळ राहिलेच. चौथ्या दिवशी तो एकटाच त्या शिवेवर गेला. पायातील वहाणा काढल्या. दुभंगल्या खडकाला पाऊल लागले मात्र, आणि जीभ आपोआप वळली, "विहिरीच्या डाव्या अंगाने." वडिलांनी शिकवलेली ती ओळ, त्याच चालीत, आता आली.

तो कोणाला काही न सांगता वैद्यीणबाईंकडे गेला.

"तुमच्या औषधाने मला बुडवले!"

बाई खल धूत होत्या. "फेरी घातली होतीत?"

अनंतभटाने नकारार्थी मान हलवली.

"ब्राह्मी मन निवांत करते, भटजी. त्या निवांतपणात उजळणी तुम्ही करायची. ती काय माझ्या अवलेहाने अनवाणी हिंडून करायची?"

चूक कबूल करावी तर सात पिढ्यांची पाठकी जाणार. अनंतभटाने तोंड मिटले, आणि दीड वर्ष ते मिटलेलेच राहिले. खालच्या वाडीच्या बाया अर्ध्या कोसावरच्या नदीवर पाण्याला जाऊ लागल्या. तो त्यांची वाट टाळी. लोक "पाठकबुवा" म्हणून नमस्कार करीत, तेव्हा त्याची मान खाली जाई, आणि लोक म्हणत, किती विनयशील गृहस्थ!

वैशाखात एके दुपारी वाट टाळता आली नाही. समोरून भिवराबाई आली. डोक्यावर दोन घागरी, चेहरा उन्हाने रापलेला.

"घामानं भिजलासा की म्हाराज! घ्या, पानी घ्या. लांबनं आनलंय, पन गार हाय."

अनंतभटाने ओंजळ पुढे केली. पाणी ओंजळीत पडले. ते त्याला पिता येईना, सांडताही येईना.

"बाई," तो म्हणाला, "विहीर तुमचीच आहे. मी चुकलो. आणि चुकलो हे मला चौथ्या दिवशीच कळले होते."

भिवराबाईने घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "माझी सून दोन जिवाची असताना ह्याच वाटंनं पानी वाहत हुती, म्हाराज." एवढेच. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते.

तो तसाच अंमलदाराच्या चावडीवर गेला. दोन्ही वाड्या जमल्या. वरच्या वाडीचा पाटील हसून म्हणाला, "विहीर दिली तुमच्याच तोंडानं, आणि आता नेताय तुमच्याच तोंडानं. भटजी, कोणतं तोंड खरं मानायचं?"

"एकही मानू नका," अनंतभट म्हणाला. "माझ्याबरोबर चला."

सगळे शिवेवर गेले. तो अनवाणी चालला आणि लाजेने फाटलेल्या आवाजात प्रत्येक खूण म्हणत गेला. दुभंगल्या खडकापाशी "डाव्या अंगाने" म्हणताच वरच्या वाडीची एक म्हातारी पुढे आली. "खरं हाय, पाटील. माझी आई ह्या हिरीचं पानी खालच्या वाडीला इचारून भरायची."

पाटलाने मान खाली घातली.

राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षी, वैशाख शुद्ध दशमीस, जुना चुना खरवडून नवी खूण केली गेली, विहीर खालच्या वाडीला परत मिळाली, आणि अनंतभटाच्या घराण्यातून पाठकी कायमची गेली.

तात्पर्य : औषध मनाला आधार देते, पण अभ्यासाची जागा घेत नाही; आणि झालेली चूक लपवली, तर तिची शिक्षा निरपराध माणसे भोगतात.