चुन्याखालची रेघ

फार पूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावाला एका रेघेची लाज वाटायची. मागे महापुराचं पाणी जिथवर चढलं, तिथे जुन्या माणसांनी चावडीच्या भिंतीत ती कोरून ठेवली होती. चावडीच्या पायरीला पाणी लागलं की सामान सोडायचं आणि टेकडी गाठायची, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

पण रेघ पाहून पाहुणे उठून जात. "बुडत्या गावात लेक कोण देणार?" मग म्हाताऱ्यांनी अक्कल पाजळली. दर लग्नसराईआधी रेघेवर चुन्याचा जाड थर! पाटील त्यात सगळ्यांच्या पुढे.

पाटलाच्या घरात सून आली. मोठी चौकस. चावडीच्या भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "मामंजी, इथला चुना सारखा का फुगतो हो? आत काय आहे?"

पाटील घुटमळला. मग म्हणाला, "ओल आहे गं सूनबाई. दुसरं काय असणार?"

त्या श्रावणात भरदुपारी नदी फुगली. पाणी पायरीला लागलं तसं सगळं गाव टेकडीकडे पळालं. पाटीलही पळाला. सुनेला कुणीतरी हाक मारली असेल, असं जो तो धरून चालला. सून मात्र घरातलं धान्य माळ्यावर चढवत बसली होती.

अख्ख्या गावात एकटी तीच बुडाली.

बाजारातून परतलेल्या पाटलाच्या मुलाने एवढंच विचारलं, "आबा, तिला सांगितलं का नाही?" त्यानंतर तो बापाशी कधी बोलला नाही.

हळूहळू घरं उभी राहिली, गोठे भरले. मग एक म्हातारा चावडीवर येऊन म्हणतो कसा, "पाटील, लग्नसराई आली. चुना भिजवायचा ना?"

इतकं होऊनही!

पाटलाने खुरपं आणलं आणि एकट्याने सगळा चुना खरवडून काढला. "आधी रेघ दाखवायची, मग मुलगी मागायची," तो म्हणाला. म्हातारे चिडले. कितीतरी सोयरिकी मोडल्या.

शेवटी शेजारच्या घरात एक नवी नवरी आली. रेघेवर बोट ठेवून तिने पाटलाला विचारलं, "आजोबा, हे काय?"

"पाणी इथवर येतं, पोरी. पायरीला लागलं की टेकडीवर पळायचं."

"बरं," म्हणून ती गेलीसुद्धा.

सांगायला एवढाच वेळ लागत होता.

तात्पर्य: घरं पुन्हा बांधता येतात. पण धोका झाकून गावाची अब्रू राखणारे वडीलधारे स्वतः टेकडी गाठतात, आणि मरायला त्यांच्यावर विश्वास ठेवणारी माणसं मागे राहतात.