उलटे महाराज

“...पण ही स्लाइड सुलटी कोणी केली?”

केशरगिरी महाराजांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावर त्यांचाच फोटो होता. मठाच्या ओट्यावर मांडी घालून बसलेले.

“मी केली,” हेरंब म्हणाला. “प्रोजेक्टरच्या चकतीत ती उलटी बसली होती. इतकी वर्षं कुणी दुरुस्तच केली नाही.”



हेरंब पुण्यातली नोकरी सोडून मठात आलेला शिष्य. हातात घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय उठायचा नाही. सर्पदंशावरचा स्लाइड शो घेऊन महाराज डोंगरातल्या वाड्यावाड्यांत फिरत; प्रोजेक्टर मी वाहून नेत असे. आता गुडघे चढू देत नव्हते आणि प्रोजेक्टरचा दिवा बाजारात मिळत नव्हता. म्हणून हेरंबने एकेक स्लाइड पुसून स्कॅन केली, महाराजांचा आवाज नव्याने रेकॉर्ड केला, मागे बासरी घातली. व्हिडिओ झाला.

“टाकू का इंटरनेटवर?”

“आधी ती उलटी कर.”

हेरंब हसला. “गुरूला उलटं टांगू? लोक काय म्हणतील, महाराज?”

“...तुझी मर्जी.”

व्हिडिओ पसरला. फोटो सुलटाच राहिला.

भातलावणीच्या दिवसांत एका बाईला झोळीत घालून चौघांनी मठात आणलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. डोळे मिटू लागले होते.

“व्हिडिओत तुमचा चेहरा पाहिला, महाराज,” तिचा नवरा हात जोडून म्हणाला. “वाटेत दवाखाना लागला, पण म्हटलं, आधी तुमच्या पायांवर घालू. नुसता हात फिरवा.”

महाराज आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी उठले. “जीप काढ, हेरंब! बोलू नकोस, काढ!”

बाई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

परत आल्यावर हेरंब धुमसत होता. “स्पष्ट सांगितलंय ना व्हिडिओत, दवाखान्यात जा म्हणून! तरी हे लोक...”

“कोणत्या स्लाइडवर सांगितलंय?”

“...तुमच्या फोटोवर.”

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं.

“ती स्लाइड आली की पोरं ओरडायची, महाराज उलटे, महाराज उलटे!” मी सांगितलं. “बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग महाराज विचारायचे, ज्याला धड बसता येत नाही तो तुमचं विष काय उतरवणार?”

“आणि चकती कोण भरायचं?” हेरंबने विचारलं.

“महाराज स्वतः.”

हेरंब उठला. व्हिडिओ काढून टाकला, बासरी काढली, फोटो उलटा केला आणि व्हिडिओ पुन्हा चढवला.

दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. शिष्याचं डोकं फिरलंय. मठाची अब्रू घालवली. जुने भक्त फोन करून ओरडले. हेरंबने एकही शिवी पुसली नाही आणि फोटोला हात लावला नाही. रोज सकाळी सगळ्या वाचायचा आणि प्रत्येकीखाली एकच उत्तर लिहायचा, ‘साप चावला तर सरळ दवाखान्यात जा.’

दिवाळीच्या आसपास तो महाराजांपुढे येऊन बसला. चेहरा उतरला होता.

“अजून शिव्या घालतात, महाराज.”

“कोणाला?”

“मला.”

“दंश घेऊन मठात कोणी आलं?”

“नाही. वरच्या वाड्यांवरची जीप थेट दवाखान्यात जाते. आपल्या दारावरून जाताना नुसता हॉर्न देतात.”

महाराजांनी लॅपटॉप पुढे ओढला. मान वाकडी करून स्वतःचा उलटा चेहरा निरखला.

“माझा चेहरा आता जुना झाला...” ते म्हणाले. “तुझा एखादा फोटो आहे का रे?”