कडू पाण्याचा नियम

एका राज्यात एक नियम होता. कारले चिरावे, मीठ चोळावे, सुटलेले कडू पाणी तीनदा पिळून मोरीत सोडावे, मगच कढई चढवावी. का, असे विचारू नये. राजकन्या मंजिष्ठेने सातव्या वर्षी विचारले, तेव्हा थोरला आचारी विसाजी म्हणाला होता, "बाळे, नियमाला का नसतो," आणि तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली होती.

पुढे तिचा पिता राजा चित्ररथ याने एका मांत्रिकाने दिलेले कडू औषध थुंकून टाकले. मांत्रिक म्हणाला, "गोडच हवे ना? मग गोडच हो."

राजा साखरेचा होऊ लागला. आधी बोटे, मग कोपर. मुंग्या वारायला दोन सेवक ठेवले. भाकरी गोड, पाणी गोड, आमटीही गोड लागे. अमावास्येला काळीज साखरेचे होणार होते.

एका सकाळी भारद्वाज पक्षी खिडकीत बसून बोलला, "काळ्या डोंगरावर कारल्याचा वेल आहे. त्याला तीनच फळे आहेत. राजाने एक तरी कडू खावे."

मंजिष्ठा निघाली. वाटेत पाकाची नदी लागली. ती कुठे थांबली नाही, म्हणून चिकटली नाही. पुढे काटेरी वेस म्हणाली, "खरे बोल, वाट देते."

"मला फार भीती वाटते," मंजिष्ठा म्हणाली. वेस उघडली.

वेलाखाली अजगर होता. त्याने तिला पान चावायला लावले. तिने तोंड वाकडे केले नाही, तसा तो बाजूला सरकला.

तिने तिन्ही कारली विसाजीच्या हाती दिली आणि बापाच्या उशाशी बसली. पहिले कारले आले. राजा म्हणाला, "गोड." दुसरे आले. "हेही गोडच, पोरी." खांद्यापर्यंत साखर चढली.

मंजिष्ठा पाकशाळेत धावली. मोरीतून हिरवे पाणी वाहत होते, आणि विसाजी आणि आणखी दोन म्हातारे आचारी तिसऱ्या कारल्याला मीठ चोळायला बसत होते.

"आजोबा, काय करता?"

"नीट करतो," विसाजी म्हणाला. "आधीची दोन तीनदा पिळली, हे सातदा पिळू."

तिने कारले हिसकावले. बिया काढल्या नाहीत, साल खरवडली नाही. कूट, तीळ, लसूण, तिखट कुटून भरले, मंद आचेवर झाकण ठेवून वाफवले आणि ताट घेऊन गेली.

राजाने घास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. "थू! केवढे कडू!" तो ओरडला, आणि दुसरा घास मागितला. खांद्यापासून साखर विरघळून गादीवर ओघळली. बोटे मोकळी झाली. पहिल्याप्रथम त्याने लेकीचा कान धरला, मग डोक्यावरून हात फिरवला. मांत्रिकाचा शाप फिटला. मुंग्या वारुळात गेल्या.

आचारी दारात उभे होते. विसाजी घसा साफ करून म्हणाला, "झाले ते छान झाले, बाळे. पण लोकांत सांगू, की सातदा पिळले म्हणून राजा वाचला. उद्यापासून नेहमीसारखे. नियम तो नियम."

"नाही," मंजिष्ठा म्हणाली. "दोन कारल्यांचा गुण तुम्ही मोरीत सोडलात. माझा बाप जवळजवळ त्याच वाटेने गेला होता. तुमच्या हातची वडी मला अजून आवडते, आजोबा, पण यापुढे हे पाणी कुणी फेकायचे नाही. आणि खोटे तर मी सांगणारच नाही."

दोघे आचारी विसाजीकडे पाहू लागले. विसाजीने ताटातला उरला मसाला बोटाने पुसून जिभेवर ठेवला. त्याचे डोळे पाणावले.