बोरगडच्या मोटारीचे चार दट्टे

"मोटारीचे चारही दट्टे मूळ कंपनीचेच हवेत आणि दसऱ्याला मोटार धावली पाहिजे. नाहीतर रावजी मिस्त्रीनं बिऱ्हाड उचलून संस्थानाबाहेर चालतं व्हावं!"

बोरगडच्या धैर्यशीलराजांनी एवढा हुकूम सोडला आणि ते पान खायला बसले. हुकुमात खोट एवढीच होती की विलायतेतली ती मूळ कंपनी केव्हाच बुडाली होती.

दट्ट्या म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली नाचणारा धातूचा तुकडा. इंग्रजी शिकलेले लोक त्याला पिस्टन म्हणत. राजेसाहेबांच्या मोटारीचे दट्टे इतके झिजले होते की स्वारी निघाली की मागे काळ्या धुराचा लोट उठे आणि मागून चालणारे मानकरी देवळाशी पोचेपर्यंत ओळखू येईनासे होत.

"कंपनी बुडाली?" रावजीने चाचरत बातमी सांगितली तेव्हा राजेसाहेब म्हणाले. "आम्हाला न विचारता?"

"चुकलंच त्यांचं, सरकार," कारभारी गुंडोपंत म्हणाले. दुसऱ्यांच्या चुका कबूल करण्यात गुंडोपंतांचा हात धरणारा कोणी नव्हता.

संध्याकाळी हेच गुंडोपंत नाकाला रुमाल लावून मोटारखान्यात अवतरले. रावजी डोक्याला हात लावून बसला होता आणि त्याची लेक इठा इंजिन उघडून आत बघत होती. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती आणि बापाच्या हाताखाली हेच काम करत होती. हद्दपारी झाली तर बापाला उतारवयात कोण ठेवून घेणार, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"माझे मेव्हणे मुंबईत शर्यतीच्या मोटारींचा माल विकतात," गुंडोपंत म्हणाले. "घडीव दट्टे! ताशी शंभर मैल पळवा, काही होणार नाही. किंमत थोडी जड आहे. पण मूळ कंपनीचा शिक्का काय, तो ते घरीच मारून देतील."

"आपली मोटार कुठं पळती, कारभारीसाहेब?" इठा म्हणाली. "म्होरं चवरीवालं पायी चालत्यात. आधी त्यास्नी शंभर मैलानं पळायला शिकवा, मग दट्टं बघू."

गुंडोपंत रुमालासकट परतले.

"इठे, त्येंच्याशी वैर परवडंल का?" रावजी कळवळला.

"त्येंचा मेव्हणा त्याहून परवडत न्हाई, आबा. शर्यतीचं घोडं घाण्याला जुपायला कशाला आणायचं?"

दुसऱ्या दिवशी इठा नळकांड्यांचं माप घेऊन कोल्हापूरला गेली. तिथल्या एका ओतशाळेत भाड्याच्या मोटारींसाठी साधे ओतीव दट्टे मिळत. त्या मोटारी दिवसभर खचाखच माणसं भरून घाट चढत, तरी त्यांच्या दट्ट्यांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. इठाने एकेक दट्ट्या मापाला लावून पाहिला, तोलून पाहिला आणि चार निवडले. किंमत ऐकून तिने नाक मुरडलं, ओतशाळेच्या मालकाने सुस्कारा सोडला आणि सौदा झाला.

रावजीने दट्टे बसवले खरे, पण झाकण लावायचं सोडून तो लेकीकडे वळला. "सरकारास्नी काय सांगायचं गं? हुकूम मूळ कंपनीचा हाय."

"मूळ कंपनी मेली, आबा. आता मढ्याकडनं दट्टं मागायचं का? तुम्ही बोलू नका. बोलायचं माझ्याकडं."

दसऱ्याला मोटार सीमोल्लंघनाला निघाली. धूर नाही, खोकला नाही. मानकरी गोरेगोमटे परत आले आणि कित्येकांच्या बायकांना आपले नवरे बऱ्याच वर्षांनी स्पष्ट दिसले. राजेसाहेब खूश झाले. गुंडोपंतांना हे सोसवेना.

"सरकार," भर दरबारात ते म्हणाले, "हे दट्टे मूळ कंपनीचे नाहीत. कोल्हापूरच्या कुठल्याशा ओतशाळेतले आहेत. ना घराणं, ना कूळ! माझे मुंबईचे मेव्हणे शिक्क्याचा माल द्यायला तयार होते!"

राजेसाहेबांचा चेहरा उतरला. "रावजी, खरं आहे हे?"

रावजीने लेकीकडे पाहिलं. इठा पुढे झाली. आता माघार घेऊन बापाचं बिऱ्हाड बैलगाडीत घालायची तिची तयारी नव्हती.

"खरं हाय जी. कंपनी निर्वंश झाली. इंजिनाचं घर बंद पडाय लागलं. मग बाहेरची चार पोरं बघितली. धडधाकट, मापात बसणारी, खायला कमी आन् कामाला वाघ. त्येलात माखली आन् इंजिनाच्या वटीत घातली. दत्तक घेतली, सरकार!"

मानकरी एकदम छताकडे बघू लागले. बोरगडात हा शब्द उच्चारत नसत. थोरले महाराज निपुत्रिक वारले तेव्हा कुसळेवाडीच्या एका दूरच्या भाऊबंदाचा गुरं राखणारा मुलगा आणून राणीसाहेबांच्या मांडीवर बसवला होता. तोच मुलगा आज धैर्यशीलराजे म्हणून समोर बसला होता. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणूनच ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"दत्तक?" राजेसाहेबांनी हळूच विचारलं. "आणि तो मूळ घराण्याचा कसा म्हणायचा?"

"ज्येच्यामुळं घर चालतं त्यो घरचाच जी," इठा म्हणाली. "गादीवर बसलेला दत्तक साऱ्या बोरगडला शोभतोय. मग गाडीत बसलेला कारभारीसाहेबांस्नी का खुपावा?"

गुंडोपंतांनी रुमाल काढून पुन्हा नाकाला लावला. खुपतो म्हणावं तर गादीचा अपमान, खुपत नाही म्हणावं तर मेव्हण्याचा धंदा बुडाला.

राजेसाहेब आधी गालात हसले, मग मांडीवर थाप मारून हसले आणि शेवटी मंदील सावरत, डोळे पुसत हसले.

"रावजी, बिऱ्हाड हलवायचं नाही. ते घर आता तुझंच. आणि मोटारखान्याची मुखत्यारी आजपासून तुझ्या लेकीकडे." मग ते कारभाऱ्यांकडे वळले. "गुंडोपंत, चार पोरं दत्तक आली आणि गावाला पेढे नाहीत? मेव्हण्यांना कळवा, शुभकार्य त्यांच्या खर्चानं व्हायचं आहे!"