भिवाचा भोंगा

नदीच्या वाकणावर एक गाव होतं आणि त्या गावात भिवा नावाचा एक भोळा शिपाई होता. पंचायतीचं दार उघडायचं, झाडलोट करायची आणि सांगितलं ते करायचं, एवढंच त्याचं काम. आणि सांगितलेलं भिवा कधी विसरत नसे. तिथेच सगळा घोळ होता.

दर पावसाळ्यात नदी खालच्या आळीत शिरायची. भिवाचं घरही तिथेच. त्याची आई धुरपदा दरवर्षी नवी चूल घालायची आणि नदी दरवर्षी ती विरघळवून न्यायची. त्या साली पुराचा धोका कमी करायला सरकारने पंचायतीला अनुदान दिलं. आधी ओढा साफ करायचा, वाळूची पोती आणि भोंगा घ्यायचा. हे नीट झालेलं साहेबांनी पाहिलं, की मग नदीकाठाला भिंत.

"भिंत झाली की माझी चूल टिकेल," आई म्हणाली. "तू तेवढं काही बिघडवू नकोस."

"मी कशाला बिघडवू?" भिवा म्हणाला.

ओढ्यातला गाळ निघाला. सरपंच कमळाताई म्हणाल्या, "भिवा, हा गाळ अशा जागी टाक, जिथे पुराचं पाणी पोचत नाही."

भिवाने खूप विचार केला. पुराचं पाणी कधीच पोचलं नाही, अशी जवळपास एकच जागा होती. पंचायतीचं ऑफिस. संध्याकाळी ताई आल्या, तेव्हा त्यांच्या खुर्चीची फक्त पाठ दिसत होती.

"अरे, गाळ कुणी घरात भरतं का? तो शेतात पसरायचा असतो. पातळ आणि सारखा."

"बरं, ताई," भिवा म्हणाला आणि ते मनात गाठ मारून ठेवलं.

मग वाळूची पोती आली. भिवाने एकेक पोतं फोडलं आणि वाळू शेतात पसरली. पातळ आणि सारखी. शेत ताईंचं होतं, त्यात वांगी होती.

वाळू गोळा करून पोती पुन्हा भरण्यात ताईंचा आठवडा गेला. "यापुढे सरकारी वस्तूला हात लावायचा तर आधी ठराव," त्या म्हणाल्या. "एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, गावाने हात वर करायचे. मगच."

"बरं, ताई," भिवा म्हणाला.

पंचायतीच्या गच्चीवर भोंगा बसला. पुलाच्या खांबावर लाल रेघ मारली. पाणी रेघेला लागलं की भिवाने भोंगा वाजवायचा आणि गावाने टेकडीवरच्या शाळेत जायचं, असं ठरलं.

श्रावणात एका दुपारी पाणी रेघेला लागलं. भिवा भोंग्यापाशी धावला आणि थबकला. वस्तू सरकारी. ठराव नव्हता.

तो खालच्या आळीत गेला आणि पहिलं दार वाजवलं. "काकी, पाणी लाल रेघेला लागलंय. भोंगा वाजवायचाय. ठराव मांडता का?"

"मेल्या, पाणी लागलंय तर ठराव कसला?" काकींनी शेळी काखेत मारली आणि त्या शाळेकडे सुटल्या.

"अनुमोदन कोण देतंय?" भिवाने शेजारच्या दारात विचारलं. तिथलेही सुटले. शेवटच्या घरापर्यंत त्याला अनुमोदक मिळाला नाही. मग आईला पाठीवर घेऊन तो शाळेत पोचला, तर सगळं गाव तिथेच. ठराव एकमताने मंजूर झाला. रिकाम्या गावात भोंगा छान वाजला.

माणूस एकही वाहून गेला नाही. चूल गेली.

भिवाला रागवावं की शाबासकी द्यावी, हे ताईंना कळेना. "हे बघ," त्या म्हणाल्या, "पाणी रेघेला लागलं की कुणाला विचारायचं नाही. मलाही नाही. आधी भोंगा, मग हाताशी येईल त्याला उचलून शाळेत. आणि पाणी उतरल्याशिवाय कुणाला खाली सोडायचं नाही."

"बरं, ताई."

उन्हाळ्यात साहेब आले. नदीत म्हशीला बसायलाही पाणी नव्हतं. साहेबांनी ओढा पाहिला, पोती पाहिली आणि पुलाखाली येऊन चष्मा पुसला. "रेघ कुठे आहे? सगळी धूळच दिसतेय."

"भिवा, एक बादली पाणी मार रे खांबावर," ताई म्हणाल्या.

भिवाने मारली. रेघ लालभडक उठून दिसली. पाणी थेट रेघेला लागलं होतं.

भिवा जो पळाला, तो भोंगा वाजवूनच परत आला. त्याने साहेबांना खांद्यावर टाकलं.

"अरे, हे काय करतोस?" साहेब म्हणाले.

"विचारायचं नाही," भिवा म्हणाला.

गाव आता सरावलं होतं. साहेब शाळेत पोचले, तेव्हा शेळ्या-पोरांसकट सगळे येऊन बसले होते. धुरपदा चूलसुद्धा घेऊन आली होती. यंदा तिने ती घमेल्यातच घातली होती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "इतक्या लवकर रिकामं झालेलं गाव मी पाहिलं नाही. तालीम छान बसवलीत, ताई. भिंत मंजूर."

ताईंनी लगेच सहीसाठी कागद पुढे केला. धुरपदाने डोळे पुसले आणि चहा टाकला.

चहा पिऊन साहेब उठले. भिवा दारात आडवा झाला. "पाणी उतरल्याशिवाय नाही, साहेब."

"मग जाऊन बघ, बाबा."

भिवा गेला. ऊन रणरणत होतं. साहेबांनी बूट घातले, बंद बांधले. तेवढ्यात भोंगा वाजला.

मागोमाग भिवा धापा टाकत आला. हातात रिकामी बादली.

"आता काय झालं?" ताईंनी विचारलं.

"उतरलं होतं, ताई," भिवा म्हणाला. "पण रेघेच्या कडेला थोडी धूळ राहिली होती."