खेकडा, मासोळी आणि गळकी टाकी

एक होता खेकडा. केवढा? शेंगदाण्याएवढा!
एक होती मासोळी. तीही एवढीशीच. दोघांची गट्टी फू कधी नाहीच. कायम गट्टी!

बाबानं ठरवलं, या दोघांना घरातच टाकी बांधायची. लहानशी नाही हं, भलीमोठी! बाबानं खडूनं रेघ ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
आई म्हणाली, "अहो, मग आम्ही बसायचं कुठं? टाकीत?"
बाबा नुसता हसला. त्यानं खाली काच ठेवली. चारी बाजूंना काचा उभ्या केल्या. डिंकानं चिकटवल्या.
छोटी केतकी म्हणाली, "बाबा, डिंक वाळू दे ना!"
"वाळला की!" बाबा म्हणाला. घाई भारी! लगेच नळ सोडला. धो धो धो!

आत गेला खेकडा. आत गेली मासोळी. अहाहा!
आणि... टप. टप टप. टपटपटपटप! डिंक सुटला. पाणी पळालं. पळत पळत स्वयंपाकघरात गेलं.
"अगं बाई!" आई ओरडली.

मासोळीला घातलं बरणीत. बरणी इतकी अरुंद, मासोळीला वळताच येईना. खेकड्याला तर जागाच उरली नाही. मासोळी आत रडवेली. खेकडा बाहेर रडवेला.
मग खेकडा म्हणाला, "रडून काय होणार? चला!"

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका तिरका!
डिंक नळीत लपून बसला होता.
"डिंका, डिंका, चिकट ना!
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"
डिंक म्हणाला, "मी नाही चिकटणार! काच ओली आहे. फडक्याला सांग, आधी काच पूस."

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका तिरका!
फडकं दोरीवर लोंबत होतं.
"फडक्या, फडक्या, काच पूस ना!
डिंक काही चिकटेना,
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"
फडकं म्हणालं, "मी नाही पुसणार! पाणी टिपून टिपून मीच ओलंचिंब. उन्हाला सांग, आधी मला वाळव."

तुरु तुरु तुरु, तिरका तिरका तिरका!
अंगणात उन्हाचा एक तुकडा होता. चतकोर भाकरीएवढा.
"उन्हा, उन्हा, फडकं वाळव ना!
फडकं काच पुसेना,
डिंक काही चिकटेना,
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"
ऊन म्हणालं, "मी नाही वाळवणार! ढग वाटेत लोळतोय. ढगाला सांग, आधी बाजूला सर."

आता ढग तर वर. पण खेकडा कसला ऐकतोय! सरसर सरसर माडावर चढला.
"ढगा, ढगा, बाजूला सर ना!
ऊन फडकं वाळवेना,
फडकं काच पुसेना,
डिंक काही चिकटेना,
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"
ढग म्हणाला, "मी नाही सरणार! माझं पोट बघ केवढं! वाऱ्याला सांग, आधी मला ढकल."

वारा तिथंच होता. झावळीत झोपला होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र!
"वाऱ्या, वाऱ्या, ढग ढकल ना!
ढग बाजूला सरेना,
ऊन फडकं वाळवेना,
फडकं काच पुसेना,
डिंक काही चिकटेना,
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"
वारा म्हणाला, "मी नाही ढकलणार! मी झोपलोय. केतकीला सांग, आधी फुंकर मार. मग उठतो."

सरसर सरसर खाली! तुरु तुरु तुरु, तिरका तिरका तिरका!
केतकी पायरीवर रुसून बसली होती. गाल हे एवढे फुगलेले. जणू दोन बटाटेवडे!
"केतकी, केतकी, फुंकर मार ना!
वारा ढग ढकलेना,
ढग बाजूला सरेना,
ऊन फडकं वाळवेना,
फडकं काच पुसेना,
डिंक काही चिकटेना,
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"
केतकी म्हणाली, "मी नाही फुंकर मारणार! वाळू दे म्हटलं होतं मी. ऐकलं कुणी माझं? बाबाला सांग, आधी चुकलं म्हण."

खेकडा दमला. पण निघाला. तुरु तुरु तुरु, तिरका तिरका तिरका!
बाबा डोकं खाजवत बसला होता.
"बाबा, बाबा, चुकलं म्हण ना!
केतकी फुंकर मारेना,
वारा ढग ढकलेना,
ढग बाजूला सरेना,
ऊन फडकं वाळवेना,
फडकं काच पुसेना,
डिंक काही चिकटेना,
टाकी पाणी धरेना,
मासोळी बरणीत वळेना!"

बाबा म्हणाला, "मी नाही..." आणि थांबला. त्यानं बरणीकडे पाहिलं. मासोळीचं तोंड भिंतीकडे, शेपूट दाराकडे. बिचारी!
बाबा उठला. केतकीपुढे बसला. त्यानं आपले कान धरले. दोन्ही!
"चुकलं गं माझं, बाळा. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही."

केतकीला आलं हसू. फुगलेले गाल सुटले. फूऽऽऽ!
तुम्हीपण मारा बरं फुंकर! फूऽऽऽ!

वारा उठला.
वाऱ्यानं ढग ढकलला.
ढग बाजूला सरला.
उन्हानं फडकं वाळवलं.
फडक्यानं काच पुसली.
डिंक चिकटला. घट्ट!

खेकडा ओरडला, "सोडा नळ!"
"छे छे!" बाबा म्हणाला. "आधी वाळू दे."
एक रात्र झाली. आणखी एक रात्र झाली. केतकीनं बोट लावून पाहिलं. "बाबा, वाळला!"
मग सुटला नळ. धो धो धो!
टप? नाही. टप टप? मुळीच नाही! टाकीनं पाणी धरलं.

मासोळी टाकीत गेली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि वळली. गर्रकन! पुन्हा वळली. गर्रकन!
खेकडाही आत उतरला, धावला तिच्याकडे. आनंदाच्या भरात सरळ चालायला गेला, आणि टाकीच्या तळाशी वाळू होती, तीत आपटला. धुप्प!
मासोळी हसली. केतकी हसली. बाबा हसला. आईसुद्धा हसली.

टाकी भरली काठोकाठ,
गोष्ट झाली तोंडपाठ!