खारीचा शब्द आणि धुक्याचा भाव

एका डोंगरउतारावर, चारोळीच्या झाडांना लागून असलेल्या जंगलात, एक खार राहत असे. सागाच्या उंच ढोलीत तिचं घर होतं आणि लवकरच तिथं पिल्लं व्हायची होती. खाली सगळा उघडा माळ, माळावर दिवसभर ससाण्याच्या घिरट्या. म्हणून त्या ढोलीत तिचा जीव अडकलेला. पण त्या जंगलाचा कायदा कडक होता बरं का! दिलेला शब्द जो मोडेल, त्यानं आपलं घर सोडायचं.

पौषात खारीनं शब्द विकायला काढला. चारोळीचा भाव तेव्हा ओंजळीला दोन बोरं होता. ती सगळ्यांना सांगू लागली, "फाल्गुनी पौर्णिमेला भाव कितीही चढो, मी दोनच बोरांत ओंजळ देईन. भाव पडला तर घेऊ नका, माझी जबरदस्ती नाही. फक्त या शब्दाचं एक बोर आत्ता द्या. ते परत मिळायचं नाही." वीस जणांनी बोर दिलं. मुलांनो, तुमच्या पुस्तकात या शब्दाला ऑप्शन म्हणतात आणि त्या बोराला प्रीमियम. खारीला कसली नावं ठाऊक! वीस बोरं बघून ती शेपूट फुलवून नाचली.

शेजारच्या म्हाताऱ्या घुशीनं तिला हटकलं. "नाचतेस काय? आधी दहा ओंजळी भरून ठेव. वीसही येतील किंवा कुणीच यायचं नाही, आज दोन्ही सारखंच शक्य, म्हणून निम्म्याच. मग रोज सकाळी चारोळीचा मोहोर बघ. धुकं पडून मोहोर गळला की भाव चढेल, तेव्हा साठा वाढव. ऊन पडून भाव उतरला की वाढवलेलं विकून टाक."

"अगं आजी, महागात घ्यायचं नि स्वस्तात विकायचं? मला काय वेड लागलंय?"

"त्या तोट्यासाठीच तर वीस बोरं आधी घेतलीस ना, बाई!" घूस म्हणाली. तुमचे सर फळ्यावर लिहितात ते डेल्टा हेजिंग म्हणजे हेच, घुशीच्या तोंडचं.

खारीनं ऐकलं आणि दहा ओंजळी भरून ठेवल्या. धुकं पडलं, भाव तीन झाला. तिनं पाच ओंजळी घेतल्या. चार दिवसांनी लख्ख ऊन पडलं, भाव पुन्हा दोन, पाचही विकल्या. पाच बोरं गेली. पुन्हा तसंच घडलं, आणखी पाच गेली. रोज डोळा उघडला की खारीला धास्ती वाटे, आज किती बोरं जाणार? तिसऱ्यांदा धुकं उतरलं, भाव तीनवर गेला, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "आता नाही हं घेणार. उद्या ऊन पडेलच की!"

ऊन काही पडलं नाही. धुकं ठाण मांडून बसलं आणि मोहोर काळा पडून गळला. भाव चार झाला. तीनला घेतलं नाही, आता चारला कसं घ्यायचं, म्हणून खार हात आखडून बसली. मग सहा. त्याच दिवसांत तिला तीन पिल्लं झाली. पिल्लं दूध प्यायला बिलगली की ती ढोलीतल्या ओंजळी पुन्हा मोजू लागे. साठा दहा ओंजळींचाच होता, आणि आता तर मागूनही चारोळी मिळत नव्हती.

पौर्णिमेला वीसच्या वीस जण सागाखाली हजर झाले. दहा ओंजळी दिल्या, तरी रांग होतीच. अकरावी होती पोपटीण.

"थोडी मुदत दे गं," खार काकुळतीला आली. "पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत."

"मलाही अंडी घालायची आहेत, ताई. तुझ्या शब्दावर विसंबून मी साठवण केली नाही. आता मी काय खाऊ?"

बाकीचे नऊजण मान खाली घालून उभे होते. पण 'राहू दे' असं कुणीही म्हटलं नाही.

खारीनं एक पिल्लू तोंडात धरलं आणि ती उघड्या माळावरून करवंदीच्या जाळीकडे धावली. परतली, दुसरं नेलं. तिसऱ्या वेळी अर्ध्या वाटेवर ससाण्याची सावली अंगावरून सरकली. ती पिल्लावर आडवी पडून राहिली. सावली दूर गेली, तशी ती धडपडत जाळीत शिरली. घूस तिथं आधीच्या दोघांना राखत बसली होती.

"आजी, मी रोज पाच बोरांना भीत होते गं," खार रडत म्हणाली. "भ्यायचं होतं ते ससाण्याला."

जाळी विरळ होती. घुशीनं वर पाहिलं आणि तीनही पिल्लांवर पालापाचोळा ओढला.

तात्पर्य : ज्यानं शब्द विकला, त्यानं भावाबरोबर रोज थोडं हलावं, रोजच्या लहान तोट्याला जो भितो, त्याच्या दारी मोठा तोटा घर मागायला येतो.